पंधरावरून सोळा इंच: बेताच्या पैशांत गाडीला मोठी चाके बसवताना

गाडीला मोठी अलॉय चाके बसवावीत असे मनात बरेच दिवस होते; पण त्या विचाराला मुहूर्त लागला तो जानेवारीत, जुन्या टायरच्या खाचांमधले झीज दाखवणारे उंचवटे बाजूच्या रबराच्या पातळीला येऊ लागले तेव्हा. हे उंचवटे साधारण १.६ मिलिमीटर उंचीचे असतात आणि खाच तेवढीच उरली की टायर बदलण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे चार नव्या टायरचा खर्च व्हायचाच होता. चाकांचा आकार बदलायचा असेल तर हीच वेळ किफायतीची असते, कारण एरवी अर्धवट वापरलेले टायर मातीमोल भावाने काढून टाकावे लागतात. मूळ आकाराच्या चार चांगल्या टायरची किंमत आणि तिच्यात तेवढ्याच रकमेची भर, एवढी माझी मर्यादा मी ठरवली आणि ती वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली. पुढचे तीन-चार महिने या एका ओळीने मला अनेक मोहांपासून वाचवले.

बहुतेक जण सुरुवात चाकाच्या नक्षीपासून करतात. मला ते उलटे वाटले. चाके एकदाच घ्यायची असतात. टायर मात्र गाडी असेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात आणि चाकाचा आकार एकदा बदलला की पुढचे सगळे टायर त्याच आकाराचे घ्यावे लागतात. म्हणून मी आधी टायर पाहिले, त्यांवरून इंच ठरवले आणि चाकाच्या रूपाकडे सर्वांत शेवटी वळलो.

माझ्या गाडीच्या मूळ टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे छापलेले होते. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचांतला व्यास, ८८ हा भारांक आणि एच हे वेगाचे चिन्ह. भारांक ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. चाक मोठे करताना धरायचे मुख्य सूत्र एकच आहे: रिम वाढली की टायरची भिंत तेवढी कमी करायची, म्हणजे संपूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ होता तेवढाच राहतो. तो राहिला नाही तर वेगमापक चुकीचा वेग दाखवतो, गिअरची गुणोत्तरे बदलल्यासारखी होतात आणि वळताना टायर मडगार्डच्या आत कुठेतरी घासू लागतो.

हे गणित हाताने करता येते आणि एकदा तरी हाताने करावेच. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंतीची उंची १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिलिमीटर; ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची. एकूण व्यास झाला ६२१.५ मिलिमीटर. आता १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९ मिलिमीटर येतो. फरक एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाच. २०५/४५ आर १७ घेतला तर ६१६.३, म्हणजे पाऊण टक्क्याहून थोडा अधिक फरक, तोही चालण्याजोगा. पण १९५/६० आर १६ हा टायर, जो मला ‘यात गाडी जरा उंच आणि रुबाबदार दिसेल’ म्हणून सुचवला गेला होता, तो ६४०.४ मिलिमीटर भरतो. मूळ व्यासाहून तीन टक्के जास्त. व्यास वाढला की वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवण्याच्या दिशेने सरकतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. कारखान्यातून येणारे वेगमापक सहसा थोडा जास्तच वेग दाखवतात, म्हणून लहानसा फरक खपून जातो. पण ती मुभा मुद्दाम वापरून टाकण्यात मला शहाणपण दिसले नाही.

खरी निवड मग सोळा की सतरा इंच एवढीच उरली. सतरा इंची चाके फोटोत जास्त भरदार दिसतात, हे कबूल केलेच पाहिजे. फेब्रुवारीत मी दोन्ही आकारांच्या टायरच्या किमती निरनिराळ्या दुकानांतून मागवल्या आणि शेजारी शेजारी लिहिल्या. सतरा इंची टायर प्रत्येक ठिकाणी महाग होतेच. शिवाय त्या आकारात निवडीला वाव कमी होता. स्वस्त पर्याय अनोळखी कंपन्यांचे आणि ओळखीच्या कंपन्यांचे पर्याय महाग, मधले जवळपास काही नाही. सोळाच्या बाबतीत मधल्या किमतीचे चांगले टायर सहज मिळत होते. त्यात भिंतीचा हिशेब मांडला: मूळ टायरची भिंत १२० मिलिमीटर, सोळा इंचीची १०७ आणि सतरा इंचीची ९२. खड्ड्यात आपटल्यावर रिम आणि दगड यांच्यामध्ये असते ती हीच भिंत. बेताच्या पैशांत चाके घेणाऱ्याला वाकलेली रिम सरळ करण्याचा किंवा नवी घेण्याचा खर्च परवडत नाही. मी सोळावर शिक्कामोर्तब केले.

या निर्णयामागे आणखी एक कारण होते आणि त्याची चर्चा फार कमी होते. माझ्या गाडीची स्टेपनी पूर्ण आकाराची, मूळ पंधरा इंची लोखंडी चाकाची आहे. नव्या चाकांचा व्यास तिच्या व्यासाशी जुळत असल्यामुळे ती तशीच कामी येणार होती. व्यासात मोठी तफावत पडली असती तर एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा सतत वेगळ्या गतीने फिरले असते, जे डिफरन्शिअलला (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला) आणि एबीएसला मानवत नाही. मग पाचवे चाक आणि पाचवा टायर घेणे आले. सोळा इंचांनी तो खर्च वाचवला. अर्थात रुंदी वेगळी असल्यामुळे स्टेपनी पंक्चर काढण्याच्या ठिकाणापर्यंत हळू चालवत जाण्यापुरतीच वापरायची, हे मी धरून चाललो आहे.

आता कागदपत्रांचा भाग. तो कंटाळवाणा असला तरी चाके विकत घेण्याआधीच उरकावा असे मी आग्रहाने सांगेन. गाडीचे मॅन्युअल उघडले तर शेवटच्या पानांत कंपनीने मान्य केलेल्या टायर आणि रिमच्या आकारांचा तक्ता असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरही आकार आणि हवेचा दाब दिलेला असतो. माझ्या गाडीच्या वरच्या श्रेणीच्या मॉडेलला कारखान्यातूनच १९५/५५ आर १६ टायर येतात, हे त्या तक्त्यातून कळले. यामुळे दोन कामे सोपी झाली. एक, त्या आकाराचा टायर गाडीत बसतो की नाही ही शंका मिटली. दुसरे, विमा कंपनीला लिहिताना ‘कंपनीने याच मॉडेलसाठी मान्य केलेला आकार’ असे लिहिता आले आणि सोबत मॅन्युअलच्या पानाची प्रत जोडता आली. आकार बदलल्यास तपासणी करून घेणे किंवा नोंदणीपत्रात नोंद करणे काही ठिकाणी बंधनकारक असते आणि काही ठिकाणी नसते, त्यामुळे आपल्याकडचा नियम वाहन नोंदणीच्या कार्यालयातून विचारून घ्यावा, आणि शक्य तर उत्तर लेखी मागावे. तोंडी मिळालेल्या ‘चालतं हो’ या उत्तराचा अपघातानंतर काहीच उपयोग होत नाही.

विमा कंपनीला मी फेब्रुवारीच्या अखेरीस ईमेल पाठवला. पहिले उत्तर ठरावीक मजकुराचे आले, दुसऱ्यांदा विचारल्यावर मागण्यांची यादी आली: नव्या चाकांचे बिल, बसवल्यानंतरचे चारी बाजूंचे फोटो, चाकावरच्या मान्यताचिन्हाचा स्पष्ट फोटो आणि टायरचा आकार व भारांक. ही यादी आधीच हाती आल्यामुळे खरेदी करताना नेमके काय पाहायचे आणि बिलावर काय लिहून घ्यायचे हे ठाऊक झाले. बिलावर ‘अलॉय व्हील सेट’ एवढेच लिहून देण्याची दुकानदारांची पद्धत असते. मी त्यावर व्यास, रुंदी, ऑफसेट (त्याचा अर्थ पुढे येतोच) आणि मॉडेल क्रमांक लिहून घेतला.

मार्चमध्ये चाकांचा शोध सुरू केला. चाकाचे पाच आकडे जुळावे लागतात: व्यास, रुंदी, बोल्टच्या भोकांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट. भोकांच्या वर्तुळाच्या व्यासाला सगळीकडे पीसीडीच म्हणतात. माझ्या गाडीचा पीसीडी ४×१०० आहे, म्हणजे चार भोके आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ. चार भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर मोजले की काम होते. पाच भोके असतील तर समोरासमोर भोके नसल्यामुळे ते असे थेट मोजता येत नाही, तेव्हा मॅन्युअलमधल्या आकड्यावर विसंबावे. येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. ४×९८ पीसीडीचे चाक ४×१०० च्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्यावर, जोर लावला तर बसल्यासारखे वाटते. नट आवळलेही जातात, पण ते तिरके बसतात आणि पुढे सैल होतात. ‘दोन मिलिमीटरने काय होतंय’ असे कोणी म्हटले तर तिथून निघून यावे.

ऑफसेट हा आकडा समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून त्यावर जरा थांबतो. चाकाच्या रुंदीची बरोबर मधली रेषा आणि चाक हबला टेकते तो सपाट भाग, यांच्यातले अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर ते ईटी या अक्षरांनंतर मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत जाते; जितका लहान, तितके बाहेर येते. माझे मूळ चाक ६ इंच रुंदीचे आणि ईटी ४५ चे. स्वस्तात मिळणारा एक सेट मला फार आवडला होता: ७ इंच रुंदी, ईटी २५. कागदावर मांडून पाहिले. मूळ चाकाची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ३१.२ मिलिमीटरवर येते, कारण सहा इंचांची निम्मी रुंदी ७६.२ मिलिमीटर आणि त्यातून ४५ वजा. नव्या चाकाची निम्मी रुंदी ८८.९, त्यातून २५ वजा, म्हणजे ६३.९. चाक जवळजवळ ३३ मिलिमीटर बाहेर येणार. एवढ्याने टायर मडगार्डच्या कडेबाहेर डोकावतो, चिखल गाडीच्या अंगावर उडतो, व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टिअरिंग रस्त्याच्या प्रत्येक खाचेमागे ओढले जाऊ लागते. तो सेट स्वस्त का होता हे त्या एका वजाबाकीने सांगितले. अखेर मी निवडलेले चाक ६.५ इंच रुंदीचे, ईटी ४० चे आहे. ते बाहेर साधारण ११ मिलिमीटर आणि आत जेमतेम दीड मिलिमीटर सरकते. १९५/५५ आर १६ टायरसाठी ५.५ ते ७ इंच रुंदीची रिम चालते, त्यामुळे ६.५ इंचावर तो ऐसपैस बसतो.

पैसे वाचवण्यासाठी मी वापरलेल्या चाकांचाही विचार केला. वरच्या श्रेणीच्या मॉडेलची, कारखान्यातून आलेली आणि मालकाने बदलून टाकलेली चाके हा खरे तर सर्वांत चांगला पर्याय असतो, कारण पाचही आकडे आपोआप जुळतात आणि दर्जाची चिंता राहत नाही. तसा एक सेट पाहायला मी गेलो. चाके नुकतीच रंगवलेली, चकचकीत, दर्शनी बाजूला एक ओरखडा नाही. चाक तोंडाकडून न पाहता पाठीकडून पाहावे असे मला सांगण्यात आले होते, म्हणून मी प्रत्येक चाक पालथे करून आतल्या नळकांड्यासारख्या भागावर टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकत नखाने चाचपत गेलो. तिसऱ्या चाकाच्या आतल्या कडेवर नख अडकले. रंगाखाली केसासारखी बारीक, बोटाच्या पेराएवढी रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित फुगलेला, म्हणजे तिथे वेल्डिंग करून घासून वर रंग चढवलेला. दर्शनी बाजूने याची पुसटशीही कल्पना येत नव्हती. अलॉय चाकाच्या भेगा बहुधा याच आतल्या कडेला पडतात, कारण खड्ड्याचा मार तिथे बसतो. वेल्ड केलेले चाक मी स्वतःच्या गाडीला लावणार नव्हतो, त्यामुळे बोलणी तिथेच थांबली. वापरलेली चाके घेणार असाल तर ती टायर काढलेल्या अवस्थेत पाहायला मिळावीत हा हट्ट धरा, आणि बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवून फिरवून घ्या. वाकलेले चाक यंत्रावर फिरताना उघड्या डोळ्यांना लचकताना दिसते.

नव्या चाकांमध्ये किमतीचा पल्ला फार मोठा आहे आणि त्यातला बराचसा पैसा बनवण्याच्या पद्धतीवर आणि दिखाव्यावर जातो. ओतीव चाके सर्वांत स्वस्त, फ्लो फॉर्मिंगने, म्हणजे ओतल्यावर कड दाबून लाटून बनवलेली त्याहून हलकी आणि महाग, घडीव म्हणजे फोर्ज्ड चाके माझ्या हिशेबाच्या पार पलीकडची. साध्या वापरासाठी ओतीव चाक पुरते, मात्र त्यावर चाचणीचे चिन्ह हवे. जपानी मानकाचे जेडब्ल्यूएल हे चिन्ह उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. त्याच्या सोबत व्हीआयए हे चिन्ह असेल तर चाकाची नोंद स्वतंत्र संस्थेकडे झालेली असते. बदली चाकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा १२४ क्रमांकाचा नियम आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या चाकावर वर्तुळातले ई हे अक्षर व त्यापुढे आकडा असतो. चिन्हाखेरीज चाकाच्या पाठीवर कमाल भार किलोमध्ये कोरलेला असतो; तो गाडीच्या जास्त भार येणाऱ्या अॅक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नसावा. ज्या चाकांच्या पाठीवर यातले काहीच कोरलेले नव्हते ती मी किंमत न विचारताच बाजूला केली.

रंगाच्या बाबतीत माझे मत थोडे अरसिक आहे. डायमंड कट म्हणून मिळणारी, दर्शनी भाग यंत्राने तासून चकाकवलेली चाके साध्या रंगवलेल्या चाकांपेक्षा महाग असतात. त्या तासलेल्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक थर असतो. त्याला एक टवका पडला की ओल आत शिरते आणि थराखाली पांढुरक्या रेषा पसरू लागतात. दुरुस्तीला पुन्हा लेथवर चढवून धातू तासावा लागतो आणि ते कितीही वेळा करता येत नाही. साधे चंदेरी रंगवलेले चाक कुठेही पुन्हा रंगवून मिळते. एका कंपनीच्या बंद होत आलेल्या डिझाइनचा साध्या रंगातला सेट मला त्यामुळेच परवडला. बंद होणारे डिझाइन घेण्यात पुढे एखादे चाक मोडले तर जोड मिळणार नाही ही जोखीम आहे. स्टेपनी जुळत असल्यामुळे मी ती पत्करली.

वजनाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. अलॉय म्हणजे हलके, असे धरून चालू नये. दुकानातल्या काट्यावर मी माझे पंधरा इंची लोखंडी चाक आणि नवे सोळा इंची अलॉय एकामागून एक ठेवून पाहिले, तर फरक एक किलोचाही नव्हता. आकार वाढला की धातूही वाढतो आणि तो केंद्रापासून दूर, कडेला वाढतो, जिथे तो फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. मायलेज सुधारेल किंवा गाडी चपळ होईल या आशेने स्वस्त अलॉय घेण्यात अर्थ नाही.

टायर घेताना भारांकाकडे डोळा ठेवला. १९५/५५ आर १६ हा टायर ८७ भारांकात सहज मिळतो, म्हणजे ५४५ किलो. माझ्या मूळ टायरचा भारांक ८८ होता. मूळ भारांकाच्या खाली उतरायचे नाही हे ठरलेले असल्यामुळे मी ९१ भारांकाचा एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा टायर घेतला, जो ६१५ किलो पेलतो. मात्र एक्सएल टायरची ही क्षमता २.९ बार दाबाला धरलेली असते, तर साध्या टायरची २.५ बारला. जुन्याच दाबाने हवा भरत राहिलो तर जास्तीची क्षमता वापरात येतच नाही, त्यामुळे दाब थोडा वाढवावा लागतो. किती, ते टायर कंपनीच्या भार आणि दाबाच्या तक्त्यातून पाहून घ्यावे. टायरच्या भिंतीवरच्या डॉट या अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे पाहायला विसरू नये. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष: १०२४ म्हणजे २०२४ मधला दहावा आठवडा. दुकानदाराने आधी काढलेले दोन टायर बाकीच्या दोघांपेक्षा दोन वर्षे जुने निघाले. मागितल्यावर त्याने कुरकुर न करता बदलून दिले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चाके हाती आली. टायर चढवण्याआधी मोकळे चाक हबवर बसवून पाहू द्यावे, अशी अट मी ऑर्डर देतानाच घातली होती, कारण एकदा टायर चढला की चाक परत घेतले जात नाही. पुढचे चाक बसवून, नट हाताने आवळून ते सावकाश फिरवले. ब्रेक कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला पकडणारा भाग) आणि स्पोकची पाठ यांच्यात कागदाची जाड घडी सरकवत पूर्ण फेरा पाहिला. कुठेही अडकली नाही. किमान तीनेक मिलिमीटर फट असावी असे कारागिराचे म्हणणे होते. बॅलन्सिंगची चिकटवायची वजने स्पोकच्या मागे लावली जातात, त्यामुळे ती कॅलिपरला लागणार नाहीत ना हेही याच वेळी पाहावे.

मधल्या भोकापाशी मात्र काम अडले. माझ्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आणि नव्या चाकाचे भोक ६७.१. अनेक गाड्यांना चालावे म्हणून बाजारातल्या चाकांचे भोक मोठेच ठेवतात आणि मधली पोकळी भरायला एक कडे देतात. विक्रेत्याने पाठवलेली कडी आतून ५६.१ ची होती. हातात धरून पाहिली तर बरोबर वाटत होती; हबवर सरकवली तेव्हा खुळखुळली. या कड्यांवर गाडीचे वजन नसते, ते आवळलेल्या नटांमुळे चाक आणि हब यांच्या घर्षणावर तोलले जाते. पण चाक आवळताना केंद्रात ठेवण्याचे काम कड्याचे, आणि तेच सैल असेल तर वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरते. मग बॅलन्सिंग कितीही वेळा करा, दोष सापडत नाही. बरोबर मापाची कडी यायला आठवडाभर थांबावे लागले आणि तोवर गाडी जुन्याच चाकांवर चालवली. कड्यांची किंमत एकूण खर्चात नगण्य आहे, पण त्यांचे माप ऑर्डर देताना लेखी सांगावे.

नटांचेही तसेच. माझ्या गाडीचे आटे १२×१.५ मापाचे आहेत आणि मूळ नटांची बैठक ६० अंशांची शंकूसारखी. नव्या चाकाची बैठकही तीच होती, पण भोके इतकी अरुंद की जुन्या नटांवर पाना आतच जाईना. म्हणून बारीक अंगाचे नवे नट घ्यावे लागले आणि त्यांच्यासोबत वेगळी चावी आली. ती चावी कायम गाडीतच हवी. तसेच जुने चार नट स्टेपनीच्या खळग्यात पिशवीत बांधून ठेवले आहेत, कारण लोखंडी चाकाला तेच योग्य. ज्या गाड्यांची बैठक गोलाकार असते त्यांना शंकूचे नट लावणे धोक्याचे आहे. वरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक टेकणाऱ्या भागात असतो.

एप्रिलच्या मध्याला प्रत्यक्ष चाके बसली. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घेतला, नव्या रबरी व्हॉल्व्ह बसवल्या, बॅलन्सिंग झाले. नट हवेच्या गनने न आवळता आधी हाताने, मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळायला सांगितले; माझ्या गाडीसाठी हा आकडा साधारण १०० न्यूटन-मीटर आहे. माझ्या गाडीत हवेचा दाब चाकांच्या फिरण्यावरून ओळखला जातो, त्यामुळे नवा दाब पडद्यावरून पुन्हा नोंदवला की झाले. ज्यांच्या चाकांत प्रत्यक्ष सेन्सर आहेत त्यांनी ते जुन्या चाकांतून नव्यांत बसवून घेण्याचा किंवा नवे घेण्याचा खर्च आधीच धरावा. निघण्यापूर्वी मागच्या सीटवर तिघांना बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून गाडी रांगत पुढे-मागे घेतली आणि मडगार्डच्या आत टॉर्च मारून घासल्याची खूण शोधली. काही सापडली नाही. पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले; एक जरासा हलला.

गाडी आता थोडी कडक चालते. लहान खाचा आणि रस्त्यातले सांधे पूर्वीपेक्षा स्पष्ट जाणवतात. वळणावर मात्र गाडी पूर्वीइतकी झुलत नाही आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. पहिले काही दिवस हा कडकपणा खटकला. दाब कंपनीच्या तक्त्याप्रमाणे नेमका केल्यावर तो बराच कमी झाला, कारण दुकानात सरसकट जास्त हवा भरून दिली होती.

खर्चाचा हिशेब असा जमला: एकूण रकमेतला निम्म्याहून थोडा अधिक भाग टायरला, एक तृतीयांशाहून जरा जास्त चाकांना आणि उरलेला नट, कडी, व्हॉल्व्ह, बसवणे, बॅलन्सिंग व अलाइनमेंट यांना. हा शेवटचा भाग कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही, म्हणून मर्यादा ठरवताना दहावा हिस्सा तरी त्यासाठी बाजूला ठेवावा. जुनी चार लोखंडी चाके एका गॅरेजने घेतली. त्यातून अलाइनमेंटचा खर्च निघाला. विमा कंपनीला बिल आणि फोटो पाठवल्यावर मे महिन्यात पॉलिसीला जोडायचे पत्र आले. त्यात चाकांचे मॉडेल चुकीचे छापले होते, ते दुरुस्त करून घ्यायला आणखी काही दिवस गेले. दुरुस्त पत्राची प्रत आणि मॅन्युअलच्या त्या पानाची प्रत आता गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात आहे, आणि पाकिटाच्या मागे नव्या टायरचा आकार, भारांक आणि हवेचा दाब पेनाने लिहिला आहे, कारण दाराच्या चौकटीवरची पट्टी अजून जुनेच आकडे दाखवते.